‘दोन वायरींचे काम’ वाटते तितके सोपे नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

घरातली जुनी छोटी यंत्रे भंगारात न घालता पुन्हा चालती कशी करावीत, याविषयीचा लेख आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आला होता. मी तो ओहायो राज्यातल्या केटरिंग या गावी बसून वाचला. लेख उत्साहाने लिहिलेला आहे आणि त्याच्या हेतूबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. मात्र गार्डन ट्रॅक्टरच्या पेट्रोल इंजिनाविषयी लिहिताना लेखकाने असा सल्ला दिला आहे की, जुने कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टिकल्या, काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी तेच काम करणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवावे, हे ‘दोन वायरींचे काम’ आहे आणि त्यानंतर इग्निशनचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेचे, दुखणे कायमचे संपते. या सल्ल्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. याच सल्ल्याप्रमाणे वागून मी स्वतः एक मॉड्यूल जाळले आहे, आणि तेही तरुणपणी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार वर्षे इंजिनांच्या तेलात हात घालून आलेला असताना.

आधी एका गैरसमजाची शक्यता दूर करतो. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर म्हटले की डिझेलचा ट्रॅक्टर येतो, मग तो शेतातला मोठा असो की द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून जाणारा छोटा. डिझेल इंजिनात हवा दाबून इतकी तापवली जाते की आत फवारलेले इंधन आपोआप पेटते. त्याला ठिणगी पाडणारा प्लग नसतो, त्या ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल नसते आणि पॉइंटही नसतात. किर्लोस्करच्या ऑइल इंजिनांवर मोठ्या झालेल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही, परंतु लेखात ही गोष्ट कुठेच आलेली नसल्यामुळे एखादा हौशी वाचक आपल्या छोट्या डिझेल ट्रॅक्टरात पॉइंट शोधत बसायचा. अमेरिकेत ज्याला गार्डन ट्रॅक्टर म्हणतात ते निराळे यंत्र आहे. एकदोन एकरांच्या घरासभोवतालचे गवत कापणे, हिवाळ्यात वाटेवरचे बर्फ लोटणे, भाजीचा वाफा नांगरणे, एवढ्यासाठी केलेला हा बुटका ट्रॅक्टर असून त्यावर बहुधा सात ते सोळा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असते. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली पहिला ‘कब कॅडेट’ बाजारात आणला, जॉन डिअरचा ११० हा नमुना १९६३ साली आला, आणि त्या काळातली ही यंत्रे आजही इथल्या गॅरेजांमधून चालू स्थितीत सापडतात, कारण त्यांचे बीडाचे इंजिन सहजासहजी संपत नाही. माझ्याकडच्या कब कॅडेटवर कोहलर कंपनीचे के-३०१ हे एका सिलिंडरचे, बारा अश्वशक्तीचे, सुमारे ४७६ सीसीचे इंजिन आहे. पुढचे बरेचसे विवेचन त्याच्याच आधारे करतो.

प्लगपाशी ठिणगी पाडण्याच्या जुन्या पद्धती दोन, आणि कोणती पद्धत आपल्या यंत्रावर आहे हे ओळखल्याशिवाय पान्याला हात लावू नये. पहिली बॅटरी इग्निशन. यात बॅटरीचा प्रवाह चावीच्या स्विचमधून कॉइलला जातो आणि कॉइलमधून पॉइंटमार्गे अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या अंगाला, मिळतो. दुसरी मॅग्नेटो. यात बॅटरीचा काहीच संबंध नसतो. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, बसवलेले चुंबक कॉइलच्या पत्र्यांच्या गाभ्यासमोरून फिरते आणि कॉइल स्वतःच वीज निर्माण करते. मॅग्नेटोचा मोटारीसाठी उपयोग करण्याचे श्रेय जर्मनीतल्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याकडे जाते. बॅटरीची पद्धत मोटारींमध्ये ज्यांनी रुळवली त्या चार्ल्स केटरिंग यांची प्रयोगशाळा आमच्या शेजारच्या डेटन शहरात, एका घरामागच्या तबेल्यात होती. १९१० च्या कॅडिलॅक मोटारींवर त्यांची इग्निशन पद्धत आली आणि १९१२ च्या मोटारींवर त्यांचाच विजेचा स्टार्टर आला. मी ज्या गावात राहतो त्याला त्यांचेच नाव आहे, त्यामुळे पॉइंटांची बाजू घेताना मी थोडा गावाभिमानी होत असेन, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

के-३०१ वर बॅटरी इग्निशन आहे. पॉइंट बंद असतात तेव्हा कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठते. पिस्टन वर येऊ लागला की कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, एक बारीक दांडी बाहेर ढकलतो, पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, साठलेले क्षेत्र एकदम कोसळते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब तयार होऊन प्लगच्या फटीतून ठिणगी उडते. पॉइंटांना समांतर जोडलेला कंडेन्सर हा तुटणारा प्रवाह क्षणभर स्वतःकडे घेतो. तो नसला तर ठिणगी प्लगवर न पडता पॉइंटांवरच पडते आणि ते काही तासांत जळून जातात. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना एक खूण ठाऊक असे: पॉइंटच्या एका टिकलीवर टेकाड आणि दुसरीवर खळगा दिसू लागला की पॉइंटला दोष न देता कंडेन्सर पाहायचा. अशी खूण दिसत असताना नुसते पॉइंट बदलणारा माणूस तीन महिन्यांनी तेच काम पुन्हा करतो.

कॉइलबाबतही एक सूचना इथेच करतो. या इंजिनाला लागणाऱ्या बारा व्होल्टच्या कॉइलचा आतला रोध तीन ते चार ओहम असतो, त्यामुळे तिच्यातून तीनचार अँपिअर प्रवाह जातो आणि पॉइंटांना तो सोसतो. जुन्या मोटारींच्या काही कॉइल निम्म्याहून कमी रोधाच्या असतात, कारण मोटारीत त्यांच्यापुढे वेगळा रोधक जोडलेला असतो. अशी कॉइल गार्डन ट्रॅक्टरवर थेट लावली तर प्रवाह दुप्पट होतो आणि पॉइंट काळेठिक्कर पडतात. दोन्ही कॉइल बाहेरून सारख्याच दिसतात. मल्टिमीटर लावून पाहण्याला अर्धा मिनिट लागतो, आणि तेवढा अर्धा मिनिट न दिल्यामुळे कित्येक निर्दोष पॉइंट कचऱ्यात गेलेले मी पाहिले आहेत.

आता मूळ प्रश्न, की इग्निशन बदलावेच का? माझा ट्रॅक्टर पहिल्या हिवाळ्यानंतर, म्हणजे पाच महिने थंड गॅरेजमध्ये उभा राहिल्यानंतर, एप्रिलमध्ये चालूच होईना. स्टार्टर फिरत होता, पेट्रोल येत होते, प्लग बाहेर काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला तर ठिणगी नव्हती. मलाही त्या वेळी वाटले की हे जुने तंत्र काढून टाकावे आणि मोकळे व्हावे. परंतु इंजिनाच्या बाजूवरचे छोटे झाकण उघडल्यावर पॉइंटांवर करडी, तेलकट साय धरलेली दिसली. पॉलिश पेपरने घासण्याचा मोह टाळून मी कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटांमध्ये धरली, ते बंद केले आणि पट्टी ओढून काढली. दोनतीनदा असे केल्यावर पट्टी स्वच्छ निघू लागली आणि इंजिन पहिल्याच फेरीत धडधडले. खर्च शून्य. इग्निशन बिघडले म्हणून आलेल्या यंत्रांपैकी बरीचशी अशा सायीने, सैल झालेल्या अर्थच्या वायरने, गंजलेल्या फ्यूजधारकाने किंवा आतून झिजलेल्या चावीच्या स्विचने आजारी असतात. आणि महागडे मॉड्यूल बसवले तरी सैल अर्थ सैलच राहते.

के-मालिकेच्या इंजिनांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पॉइंट उघडणारी दांडी इंजिनाच्या आतून बाहेर येते. तिचे भोक वर्षानुवर्षांच्या घर्षणाने सैल झाले की तिच्या कडेने तेल झिरपून पॉइंटांवर येते, आणि दांडी डुलत असल्यामुळे टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, फेरीगणिक थोडे पुढेमागे होते. इंजिन या अवस्थेला पोचले असेल तर पॉइंट साफ करत बसणे ही मलमपट्टी ठरते आणि इग्निशन बदलण्याला खरे कारण मिळते. दुसरे रास्त कारण म्हणजे चांगल्या दर्जाचे पॉइंट आणि कंडेन्सर न मिळणे. मी विकत घेतलेल्या नव्या कंडेन्सरांपैकी एक तर खोक्यातून काढला तेव्हाच निकामी होता. या दोहोंपैकी एकही अडचण नसेल तर मी पॉइंट काढण्याची घाई करणार नाही.

बदलायचेच ठरवले तर त्याआधी सध्याचे टायमिंग नीट लावून त्याची नोंद करावी, कारण नव्या पद्धतीची तुलना करायला दुसरे मोजमाप नसते. या इंजिनात ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या वीस अंश आधी पडायला हवी. फ्लायव्हीलवर ठिणगीसाठी ‘एस’ आणि माथ्यासाठी ‘टी’ अशा खुणा असून एका छोट्या खिडकीतून त्या दिसतात. पॉइंटांतली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, साधारण ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर ठेवून सुरुवात करावी. मग प्लग काढून, इंडिकेटरचा बारीक दिवा पॉइंटच्या वायरीवरून अर्थला जोडावा, चावी चालू करावी आणि फ्लायव्हील हाताने नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. पॉइंट बंद असतात तोवर दिवा विझलेला असतो आणि ते उघडताक्षणी तो पेटतो. नेमक्या त्याच वेळी ‘एस’ची खूण खिडकीत यायला हवी. ती आधी किंवा नंतर येत असेल तर फट किंचित कमीजास्त करावी. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते, कमी केली की मागे जाते. म्हणजे फीलर गेजचा आकडा सुरुवातीपुरता असतो आणि शेवटचा निर्णय खुणेचा असतो, ही गोष्ट लेखात यायला हवी होती. ३६०० फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात वीस अंशांना एक मिलिसेकंदही लागत नाही. तेवढ्या वेळातली थोडी चूकसुद्धा इंजिन तापवते किंवा चालू करताना स्टार्टरला उलटा धक्का देते.

बॅटरी इग्निशनच्या इंजिनावर मी जो मार्ग पत्करला तो पॉइंट काढून टाकण्याचा नव्हता. पॉइंट जागेवरच राहतात, पण कॉइलचे तीनचार अँपिअर त्यांच्यातून न जाता मॉड्यूलमधल्या ट्रान्झिस्टरमधून जातात आणि पॉइंट फक्त त्याला ‘आता तोड’ असा इशारा देतात. कंडेन्सर काढून ठेवावा लागतो. यात कारखान्याचे टायमिंग जसेच्या तसे राहते, पॉइंट जळत नाहीत, आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला मॉड्यूल बंद पडले तर दोन वायरी आणि कंडेन्सर पुन्हा पूर्ववत जोडून घरी येता येते. हे खरोखरच दोन वायरींचे काम आहे, आणि लेखकाच्या मनात कदाचित हाच प्रकार असेल. पण यातही एक मेख आहे. जुन्या पद्धतीत मोठा प्रवाह पॉइंटांवरची तेलाची पातळ साय जाळून टाकत असे. नव्या पद्धतीत प्रवाह इतका अल्प असतो की ती साय तशीच राहते आणि इंजिन विनाकारण अडखळू लागते. माझे दुसऱ्याच वसंतात असे झाले. त्यावर मी बारा व्होल्टच्या वायरीवरून पॉइंटला ४७ ओहमचा, पाच वॅटचा एक रोधक जोडला, त्यामुळे पॉइंटांतून सुमारे पाव अँपिअर प्रवाह जाऊ लागला आणि तक्रार मिटली. अर्थात दांडीचे भोकच सैल झालेल्या इंजिनाला हा मार्ग उपयोगाचा नाही, कारण डुलणारी दांडी इशाराही डुलतच देणार.

अशा इंजिनाला क्रँकशाफ्टवरूनच, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्यावरूनच, इशारा घ्यावा लागतो. त्यासाठी लोहचुंबक आणि ते समोर आल्याचे ओळखणारा हॉल सेन्सर, किंवा पोलादी खुंटी आणि ती समोरून गेल्याचे ओळखणारा चुंबकीय पिकअप, असे दोन प्रकार प्रचलित आहेत. इथे मला लेखकाशी स्पष्ट मतभेद नोंदवायचा आहे, कारण फ्लायव्हीलवर चुंबक ‘चिकटवण्याचा’ जो सल्ला त्यांनी जाता जाता दिला आहे तो धोक्याचा आहे. गणित सोपे आहे. केंद्रापासून दहा सेंटिमीटरवर चिकटवलेल्या पाच ग्रॅम वजनाच्या चुंबकावर ३६०० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४५० पट ओढ येते, म्हणजे ते टीचभर चुंबक सात किलोच्या वजनाने बाहेरच्या दिशेला ओढले जाते. त्यात इंजिनाची उष्णता आणि थरथर, आणि तेलकट बीडावर लावलेला गोंद. ते सुटले तर गोळीसारखे सुटते, आणि गार्डन ट्रॅक्टरवर चालकाचे पाय तिथून फार लांब नसतात. बीडाच्या फ्लायव्हीलला भोक पाडणे त्याहून वाईट, कारण तिथून तडा जाऊ शकतो. ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी इशाऱ्यासाठी पुलीच्या बाजूला स्क्रूने पक्की बसणारी वेगळी चकती लेथवर करून घ्यावी. पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी इंजिन चालते, पण टायमिंग काही अंशांनी सरकते, म्हणून ते पुन्हा तपासावे; आणि मॉड्यूलच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पांढरी पेस्ट लावून ते धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवावे. आणखी एक फरक असा की कॅमशाफ्टवरचा इशारा दोन फेऱ्यांत एकदा येतो, तर क्रँकशाफ्टवरचा प्रत्येक फेरीला येतो. त्यामुळे एक जादा ठिणगी एक्झॉस्टच्या वेळी, म्हणजे जळालेला वायू बाहेर जाताना, वाया जाते. तिने इंजिनाचे नुकसान होत नाही, पण कॉइलवरचे काम दुप्पट होते.

आता माझ्या जळालेल्या मॉड्यूलची हकिगत. शेजाऱ्यांकडे १९७० च्या दशकातला एक छोटा ट्रॅक्टर होता आणि त्यावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे मॅग्नेटोवर चालणारे इंजिन होते. या जातीच्या इंजिनांत पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली दडलेले असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचायला फ्लायव्हील ओढून काढावे लागते. त्यामुळे त्या कंपनीने १९८२ पासून पॉइंटविरहित ‘मॅग्नेट्रॉन’ इग्निशन आणले तेव्हा जुन्या इंजिनांच्या अनेक मालकांनीही आपल्या कॉइलवर तशी मॉड्यूल बसवून घेतली. शेजाऱ्यांच्या इंजिनावर मी मॉड्यूल बसवले. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून लावली, जी ०.०१० ते ०.०१४ इंच असावी लागते. पॉइंटची ठोकळी निघाल्यावर राहिलेले भोक बुजवले, कारण ते उघडे ठेवले तर तेल बाहेर येते. पहिल्याच झटक्याला इंजिन चालू झाले. चावीचा स्विच जुना आणि खिळखिळा होता, म्हणून मी माझ्या डब्यातला एक चांगला स्विच तिथे लावला. चावी फिरवली आणि ठिणगी कायमची गेली.

चूक अशी होती. माझा स्विच बॅटरी इग्निशनचा होता. तो ‘चालू’ केला की इग्निशनच्या टोकावर बारा व्होल्ट देतो, कारण कॉइलला ते हवे असतात. मॅग्नेटोच्या यंत्राला जो स्विच लागतो त्याचे काम बरोबर उलट असते: ‘बंद’ केला की तो मॅग्नेटोची वायर अर्थला टेकवतो, आणि ‘चालू’ केला की तिला कुठेच जोडत नाही. मॅग्नेटोच्या मॉड्यूलला बाहेरची वीज नकोच असते. त्या एका वायरीवरून बारा व्होल्ट आत गेले की आतला ट्रान्झिस्टर क्षणात फुटतो, आवाज नाही, धूर नाही. दोन्ही स्विच सारख्याच आकाराचे, पाठीमागे सारख्याच पत्र्याच्या पाच पिना, आणि चावीही एकमेकांना लागते. शेजाऱ्यांना दुसरे मॉड्यूल मी माझ्या खिशातून आणून दिले, हे सांगणे न लगे.

यासाठीच माझे म्हणणे असे आहे की इग्निशन बदलणे म्हणजे एक सुटा भाग बदलणे नव्हे. स्विच, वायरिंग आणि इंजिन बंद करण्याची सगळी तऱ्हाच त्याबरोबर बदलते. या दोन पद्धती मोडतातसुद्धा उलट दिशांनी. बॅटरी इग्निशनची वायर उंदराने कुरतडली तर इंजिन बंद पडते आणि मालक वैतागतो, यापलीकडे काही होत नाही. मॅग्नेटोची बंद करणारी वायर तुटली तर इंजिन बंद होतच नाही, कारण चावी काढून खिशात टाकली तरी चुंबक फिरतच असते. इथल्या अनेक गार्डन ट्रॅक्टरांवर आसनाखाली एक सुरक्षा स्विच असतो, जेणेकरून पाते फिरत असताना चालक उठला की इंजिन बंद पडावे. मॅग्नेटोच्या यंत्रात हा स्विच वायर अर्थला टेकवून इंजिन थांबवतो, बॅटरीच्या यंत्रात तो कॉइलची वीज तोडतो. एका पद्धतीवरून दुसरीवर गेल्यावर तो जुन्याच जोडणीत राहिला तर एक तर इंजिन चालूच होणार नाही, किंवा चालक पडला तरी पाते थांबणार नाही. पहिला दोष लगेच कळतो. दुसरा कळायला अपघात व्हावा लागतो. म्हणून काम झाल्यावर पाते न जोडता आसनावरून उठून पाहणे आणि चावीने इंजिन खरोखर थांबते की नाही हे दोनचारदा तपासणे, या गोष्टी मॉड्यूल बसवण्याइतक्याच कामाचा भाग आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सारे अगदीच परके वाटू नये. ज्यांनी १९७०-८० च्या दशकांत स्कूटर चालवल्या त्यांना फ्लायव्हीलच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हर घालून पॉइंटची फट लावणारा मेकॅनिक आठवत असेल, आणि पावसाळ्यात किक मारून मारून घामाघूम होणेही आठवत असेल. उद्यमनगरात आमचे उस्ताद स्कूटर आणि बुलेट यांच्या पॉइंटांची कामे एकाच बाकावर करत. पण स्कूटर आली की प्रथम फ्लायव्हीलकडे आणि बुलेट आली की प्रथम बॅटरीकडे पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. एकीची वीज चुंबकातून येते आणि दुसरीची बॅटरीतून, एवढेच त्यामागचे कारण. ते त्यांनी आम्हाला कधी शब्दांत सांगितले नाही. पन्नास वर्षांनी मी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरपाशी वाकलो तेव्हा तोच शिरस्ता विसरलो. आज गावोगावी पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप आणि निंदणीची छोटी यंत्रे आली आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर कारखान्यातूनच पॉइंटविरहित मॅग्नेटो येतो, म्हणजे बदलण्यासारखे काही नसतेच, परंतु बंद करणाऱ्या वायरीला बाहेरची बॅटरी लावू नये ही सूचना त्यांनाही तंतोतंत लागू आहे. स्विच बिघडला म्हणून स्कूटरचा किंवा रिक्षाचा स्विच आणून लावणारे हात आपल्याकडे कमी नाहीत.

आपल्या पुरवणीच्या पुढच्या एखाद्या अंकात त्या लेखातल्या संबंधित वाक्याचा खुलासा छापावा, आणि शक्य झाल्यास बॅटरीचा आणि मॅग्नेटोचा असे दोन स्विच शेजारीशेजारी दाखवणारी साधी आकृतीही द्यावी, अशी विनंती आहे. आकृतीत प्रत्येक पिनेवर ‘चालू’ आणि ‘बंद’ असताना मल्टिमीटर काय दाखवेल एवढे लिहिले तरी पुरे. दोन्ही स्विचची हाताने काढलेली रेखाटने माझ्याकडे तयार आहेत. आपण कळवल्यास ती मी पाठवीन.

आपला,
एक जुना वाचक
केटरिंग, ओहायो (मूळ राहणार कोल्हापूर)